मॉरिस मायनरला दुसऱ्या इंजिनाचे हेड : हिंगणघाटजवळच्या एका शेडचा अनुभव

हिंगणघाट ओलांडून वडनेरकडे निघाले की जुन्या रस्त्याच्या कडेला, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भिंतीला लागून, पत्र्याची एक लांबट शेड दिसते. तिच्यावर पाटी नाही. दारासमोर ट्रॅक्टरची उतरवलेली हेडे, म्हणजे सिलिंडरांवर झाकणासारखे बसणारे आणि वॉल्व्ह धरणारे इंजिनाचे माथे, ओळीने टेकवून ठेवलेली असतात, त्यामुळे आसपासच्या गावांतली माणसे या जागेला नुसते ‘हेडवाले’ म्हणतात आणि तेवढ्याने पत्ता पुरतो. एक जुना लेथ, हेडचे फेसिंग (खालची बाजू घासून सपाट) करण्याचे एक यंत्र, वॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या सीट कापण्याचा संच, साठीचे मिस्त्री आणि त्यांच्या हाताखालची दोन मुले एवढाच तिथला संसार आहे. त्यांचे पोट ट्रॅक्टरवर आणि डिझेल पंपांवर चालते. मी मात्र तिथे गेलो तो आजोबांच्या मॉरिस मायनरला दुसऱ्याच इंजिनाचे हेड बसवून घेण्यासाठी, आणि ते काम त्यांनी कसे केले, कुठे चोख केले व कुठे चुकले, ते सविस्तर लिहावे असे वाटले, कारण जुनी छोटी गाडी बाळगणाऱ्या माणसाला आमच्या भागात असा कारागीर सहजी सापडत नाही.

आमची गाडी मायनर १००० या प्रकारातली, ९४८ सीसीची आहे. आजोबांनी ती वापरलेली घेतली होती आणि समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावी ती पुढे दोन पिढ्या चालली. इंजिन मरायला टेकले ते पाण्यामुळे. आमच्या विहिरीचे पाणी जड आहे. वर्षानुवर्षे तेच रेडिएटरमध्ये ओतले गेले, आतल्या नळ्यांवर क्षार चढले, आणि गेल्या मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात गाडी दोनदा उकळली. तिसऱ्या वेळी रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसू लागले, म्हणजे सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत होता, तेव्हा हेड उतरवले.

मिस्त्रींनी ते उतरवलेले हेड पाहून काहीच सांगितले नाही. त्यांनी आधी ते सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर ठेवले, दुसऱ्या दिवशी कोरडे करून ज्वलनकक्षांवर फडक्याने रॉकेल फिरवले, पुसून घेतले आणि वर पांढऱ्या खडूची भुकटी चोळली. मी शाळेत विज्ञान शिकवतो, खडूशी माझा रोजचा संबंध आहे, पण त्याचा हा उपयोग मी कधी पाहिला नव्हता. दहा मिनिटांत तिसऱ्या सिलिंडरच्या इनलेट (हवा आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) वॉल्व्हच्या सीटच्या मधोमध एक बारीक, करडी, ओलसर रेघ खडूतून वर उमटली. भेगेत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपत होते. या घराण्याच्या इंजिनांत दोन वॉल्व्हच्या मधला हा अरुंद पूल तडकणे हा जुनाच रोग आहे, आणि ओतीव लोखंडाला तिथे केलेले वेल्डिंग भरवशाचे नसते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. काम घेऊन पैसे उकळण्याची संधी असताना त्यांनी ती घेतली नाही, ही माझी त्यांच्याविषयीची पहिली अनुकूल नोंद.

आता दुसरे हेड आणायचेच, तर ते नेमके कोणते आणावे, हा प्रश्न उभा राहिला. मायनर ही अ‍ॅलेक इसिगोनिस यांची १९४८ मधली रचना. सुरुवातीला तिच्यात जुने साइड-वॉल्व्ह इंजिन होते. ऑस्टिन आणि मॉरिस या कंपन्या एकत्र आल्यावर १९५२ पासून तिला ऑस्टिनचे ‘ए-सिरीज’ इंजिन मिळाले. हेच इंजिन १९५१ मध्ये ऑस्टिन ए-३० मध्ये ८०३ सीसीचे म्हणून आले होते आणि पुढे ९४८, ९९८, १०९८, १२७५ असे वाढत २००० सालापर्यंत मिनीमध्ये चालत राहिले. हिंदुस्थान मोटर्सने मायनरचीच आरंभीची आवृत्ती ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने आपल्याकडे विकली होती. हा इतिहास इथे सांगण्याचे कारण एवढेच की या लांब वंशावळीत ब्लॉकवरच्या, म्हणजे सिलिंडर असलेल्या खालच्या भागावरच्या, नऊ स्टडची (हेड आवळणाऱ्या आट्यांच्या दांड्यांची) मांडणी मूळची तीच राहिली. त्यामुळे एका भावाचे हेड दुसऱ्याच्या ब्लॉकवर बसू शकते, आणि म्हणूनच विलायतेत साठच्या दशकापासून लोक मोठ्या इंजिनाचे हेड लहान इंजिनावर चढवून ताकद वाढवत आले आहेत. हेडच्या वरच्या अंगाला, रॉकर (वॉल्व्ह दाबणारे तरफेसारखे हात) यांच्या कव्हरखाली, ओतकामातच आकडा उठवलेला असतो. त्या आकड्यावरून हेडची जात कळते.

माझ्यापुढे दोन आकडे होते. पहिला १२जी२९५, जो ९९८ सीसीच्या मिनी कूपरवर आणि एमजी ११०० वर यायचा. दुसरा १२जी९४०, म्हणजे १२७५ सीसीच्या इंजिनांचे मोठे हेड. माझा सगळा लोभ दुसऱ्यावर होता. त्याचा इनलेट वॉल्व्ह ३३ मिलिमीटरहून थोडा मोठा असतो, आणि पुण्यातल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे असे एक हेड मोकळे पडले होते. बसत असेल तर घेऊन जा, असे ते म्हणाले होते. मी ते गोणपाटात गुंडाळून एस.टी.ने आणले आणि मोठ्या ऐटीत मिस्त्रींच्या बाकावर ठेवले.

त्यांनी आमच्या इंजिनाची जुनी हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉक यांच्यामध्ये दाबली जाणारी गॅस्केट) मागितली, ती त्या हेडवर नऊ भोके जुळवून ठेवली, आणि बाजूला सरकून मला पाहायला सांगितले. स्टडची भोके तंतोतंत जुळत होती. पण पॅकिंगच्या प्रत्येक गोल कड्याच्या एका बाजूने एक्झॉस्ट वॉल्व्हची कड चंद्रकोरीसारखी बाहेर डोकावत होती. ९४८ चे बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६२.९ मिलिमीटरचे, १२७५ चे ७०.६ मिलिमीटरचे, मोठ्या बोअरसाठी बाहेर सरकवलेला वॉल्व्ह लहान बोअरच्या आत मावणार कसा? “गुर्जी, हे बसते, पण चालत नाही,” मिस्त्री म्हणाले. “वॉल खाली आला का ब्लॉकावरच टोला खाते.” मग ब्लॉकच्या माथ्यावर त्या जागी खाचा मारून वॉल्व्हला वाट करून देता येते का, असे मी विचारले, कारण विलायतेत तसे करतात हे मी वाचले होते. करता येते, असे त्यांनी मान्य केले. मात्र खाच खोल गेली तर पिस्टनच्या वरच्या रिंगपर्यंत पोहोचते, आणि एकदा ब्लॉक कापला की तो पुन्हा जोडता येत नाही. आजोबांच्या गाडीच्या मूळ नंबराचा ब्लॉक आहे, घरी विचारून या, एवढेच ते म्हणाले. मी घरी विचारले नाही. हेड पुन्हा गोणपाटात बांधून पुण्याला परत पाठवले.

पाच मिनिटांच्या या तपासणीचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. नागपुरातल्या एका गॅरेजने आठवडाभर आधी तेच हेड नुसते फोटोत पाहून ‘होऊन जाईल’ असे सांगितले होते, हे इथे नोंदवून ठेवतो. जुन्या गाडीच्या कामात ‘होऊन जाईल’ हे उत्तर ऐकले की मला आता धडकी भरते.

हौसेला मोल नसते हे खरे. विलायतेतले मिनीवाले तर १२७५ च्या ब्लॉकवर बीएमडब्ल्यूच्या के-११०० या मोटारसायकलचे सोळा वॉल्व्हचे, दोन कॅमशाफ्टचे हेड बसवतात. त्या मोटारसायकलचे बोअर ७०.५ मिलिमीटर, म्हणजे १२७५ च्या इतके जवळचे, की कल्पना सुचणे साहजिक आहे. पण त्यात पुशरॉडची (रॉकरला खालून ढकलणाऱ्या दांड्यांची) आणि पाण्या-तेलाची जुनी भोके बुजवावी लागतात, कॅम फिरवण्याची नवी व्यवस्था पुढे लटकवावी लागते आणि इंधनाची सगळी मांडणी बदलते. मी मिस्त्रींना मोबाइलवर त्याचे चित्र दाखवले. त्यांनी ते बोटांनी मोठे करून बराच वेळ पाहिले आणि चहा मागवला.

शेवटी १२जी२९५ विलायतेहून मागवले. ओतीव लोखंडाचे धूड असल्यामुळे हेडच्या किमतीपेक्षा त्याची वाहतूक महाग पडली. या हेडचा इनलेट वॉल्व्ह ३१ मिलिमीटरचा आहे. आमच्या मूळ हेडचा २७.८ मिलिमीटरचा होता. व्यासातला फरक दिसायला किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळ काढले तर हवेला जवळजवळ पाव हिस्सा अधिक वाट मिळते. पॅकिंग ठेवून पाहिली तेव्हा आठही वॉल्व्ह कड्यांच्या आत होते.

इथून पुढचे काम मात्र मी मुक्तकंठाने वाखाणावे असे झाले. वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ते आठही गाइड मिस्त्रींनी नवे घातले. एक्झॉस्टच्या चारही सीट कापून तिथे कठीण पोलादाची कडी दाबून बसवली. ही इंजिने शिसेमिश्रित पेट्रोलच्या जमान्यातली आहेत. शिशाचा पातळ थर ओतीव लोखंडाच्या सीटला वंगणासारखा जपत असे. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बिनशिशाचे पेट्रोल आले, आणि तेव्हापासून जुन्या सीट हळूहळू खोल जाऊन टॅपेटची फट, म्हणजे वॉल्व्ह आणि रॉकर यांच्यामधली मोकळी जागा, नाहीशी होते. सीट ४५ अंशांत कापून झाल्यावर त्यांनी वॉल्व्हच्या कडेला निळी पेस्ट लावून तो अलगद टेकवला आणि पाव फेरा फिरवून उचलला. सीटवर निळी रेघ अखंड आणि सारख्या जाडीची उमटेपर्यंत त्यांनी हे किती वेळा केले ते मी मोजणे सोडून दिले. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टची रेघ एका जागी, मुंगीएवढ्या अंतरात, तुटत होती. माझ्या डोळ्यांना ते दिसलेही नाही. त्यांनी ती सीट पुन्हा कापली.

यानंतर आला ज्वलनकक्षाच्या आकारमानाचा प्रश्न, आणि यात मला माझ्या पेशाचा उपयोग झाला. १२जी२९५ चा कक्ष साधारण २८.३ सीसीचा असतो, म्हणजे आमच्या मूळ हेडपेक्षा मोठा. तो आहे तसा लहान इंजिनावर ठेवला तर मोठे वॉल्व्ह असूनही कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण किती पट दाबले जाते ते, पडते आणि सगळा खटाटोप वाया जातो. हेड बदलणारे बरेच जण नेमके इथे फसतात. शाळेच्या प्रयोगशाळेतली ब्युरेट मी घेऊन गेलो, अ‍ॅक्रिलिकच्या तुकड्याला भोक पाडले, कडेला व्हॅसलीन लावून तो कक्षावर चिकटवला आणि रंगीत रॉकेल थेंबाथेंबाने सोडले. चार कक्षांत २८.६, २८.१, २८.९ आणि २८.३ सीसी भरले. मिस्त्रींनी आयुष्यभर हे काम नजरेने केले होते; ब्युरेटकडे त्यांनी आधी थोड्या संशयाने पाहिले, पण दुसरा कक्ष मोजताना नळी त्यांनीच हातात घेतली.

आमच्या एका सिलिंडरचे आकारमान २३७ सीसी आहे. पॅकिंगची जाडी आणि पिस्टनच्या माथ्यावर उरणारी जागा मिळून सुमारे पाच सीसी धरले, तर त्या हेडने कॉम्प्रेशन ८.१ च्या आसपास आले असते. मूळ गाडीचे ८.३ होते. कक्षातून दोन सीसी कमी केले की ते साडेआठपर्यंत जाते. त्याहून वर जाण्याचा मोह मी टाळला, कारण मे महिन्यात भर दुपारी चढावर मिश्रण आपोआप पेटून इंजिन ठोकू लागले तर पिस्टनची वाट लागते. चारही कक्ष आधी घासून सारखे केले आणि मग ०.९ मिलिमीटर फेसिंग झाले. शेवटच्या मोजणीत चारही कक्षांतला फरक ०.२ सीसीच्या आत होता. ट्रॅक्टरच्या शेडमध्ये इतके नेमके काम मिळेल, ही अपेक्षा मी खरोखरच ठेवली नव्हती.

आता तक्रारी. पंधरा दिवसांचा वायदा सात आठवड्यांवर गेला. मी चूक केली ती काम जूनच्या तोंडावर दिले ही. पेरणीच्या दिवसांत दारात ट्रॅक्टरची रांग असते, आणि ज्याची पेरणी अडली आहे त्याच्या आधी माझी हौस घ्यावी, असे मीही म्हणणार नाही. पण ‘सोमवारी येजा गुर्जी’ हे वाक्य पाच सोमवार ऐकायला लागू नये. एक फोन केला असता तर माझ्या पन्नास-साठ किलोमीटरच्या फेऱ्या वाचल्या असत्या. दुसरे म्हणजे पावती नाही. कोणत्या कामाचे किती, ते त्यांनी खडूने शेडच्या पत्र्यावर लिहून दाखवले आणि मी त्याचा फोटो काढला. तेच माझे बिल. सर्व मिळून मजुरीचे साडेचौदा हजार झाले, जे कामाच्या मानाने वाजवी आहेत.

तिसरी तक्रार गंभीर आहे. हेड ०.९ मिलिमीटरने उतरले म्हणजे रॉकर तेवढेच खाली आले आणि पुशरॉड तेवढ्याच लांब झाल्यासारख्या झाल्या. तो फरक भरून काढायला रॉकरच्या चार खांबांखाली तेवढ्याच जाडीच्या पट्ट्या घालाव्या, ही सूचना त्यांचीच आणि ती योग्यच होती. पट्ट्याही त्यांच्याच मुलाने कापून दिल्या. मात्र या इंजिनात रॉकरला जाणारे तेल एका खांबाच्या पोटातून वर चढते, आणि त्या खांबाखालच्या पट्टीला तेलाचे भोकच पाडलेले नव्हते. गाडी सुरू झाली, आवाज गोड आला, आणि पाचेक मिनिटांत वरून कोरडी चुरचुर ऐकू येऊ लागली. कव्हर उघडले तर रॉकर कोरडे ठणठणीत.

ज्यांनी हे इंजिन उघडले नसेल त्यांना यातली अडचण लक्षात येणार नाही. रॉकरचे खांब ज्या नटांनी आवळलेले असतात त्यांतले चार नट हे हेडचेच नट आहेत. रॉकर काढायचा तर हेड ढिले करावे लागते, म्हणजे पाणी काढा, नऊही नट क्रमाने सैल करा, आणि एकदा दाबलेली पॅकिंग पुन्हा विश्वासाने वापरता येत नसल्यामुळे नवी घाला. एका भोकापायी माझी विलायती पॅकिंग आणि एक अख्खा रविवार गेला. मिस्त्रींना सांगितले तेव्हा त्यांनी मुलाला बोल लावला नाही. पट्टी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, ‘हे मी पायाले पायजे होतं’ म्हणाले आणि पॅकिंगचे पैसे पुढे केले. मी निम्मे घेतले, कारण जोडणी करताना ते भोक मलाही दिसायला हवे होते.

जोडणी मी घरी केली, आणि ती तिथे करून घेऊ नये असेच माझे मत आहे. शेडमध्ये टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळायचा पाना) आहे, पण तो ट्रॅक्टरच्या मापांचा. या हेडच्या नटांना ४० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे साडेपाच किलोग्रॅम-मीटर एवढेच आवळणे पुरते, आणि तेही मधल्या नटापासून सुरू करून बाहेरच्या बाजूंना जात, दोन-तीन टप्प्यांत. हेड घरी आणल्यावर त्याची पाण्याची आणि तेलाची वाट पुन्हा धुऊन घ्यावी. माझ्या हेडातून फेसिंगचा चिमूटभर चुरा निघाला. वॉटर पंप आणि हेड यांच्यामध्ये जी बोटभर लांबीची रबरी नळी असते ती हेड ठेवण्याआधीच नवी घालावी, नंतर तिला जागा जवळजवळ उरत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे इंधनाच्या जुन्या नळ्या चिकट होऊ लागल्या होत्या, त्याही याच वेळी बदलल्या. टॅपेट थंड इंजिनावर ०.३० मिलिमीटरला लावले. एसयू कार्ब्युरेटरची सुई बदलावी लागली, कारण अधिक हवेला जुनी सुई पुरे पेट्रोल देईना आणि प्लग पांढरे पडू लागले.

गाडी आता कशी चालते? रिकाम्या सपाट रस्त्यावर फार फरक कळत नाही, हे प्रांजळपणे सांगतो. फरक चढावर कळतो. गिरडच्या टेकडीकडे चढताना पूर्वी अर्ध्यावर तिसरा गिअर सोडून दुसरा घ्यावा लागे. परवा घरची चार माणसे आणि संत्र्यांची एक पेटी घेऊन ती तिसऱ्यातच वर गेली, आणि पाण्याचा काटा मध्यावरून हलला नाही. अर्थात काटा न हलण्यात हेडपेक्षा नव्या रेडिएटरचा आणि उकळून गार केलेल्या पाण्याचा वाटा मोठा आहे.

कोणाला जायचे असेल तर पोळ्यानंतर जावे, तोवर ट्रॅक्टरची गर्दी ओसरलेली असते. सोबत आपल्या इंजिनाची पॅकिंग न्यावी, ती नसेल तर मिस्त्री हेडला हात लावत नाहीत. मोजमापे कागदावर लिहून द्यावी, त्यांना ती आवडतात. माझी ब्युरेट अजून त्यांच्याकडेच आहे. मागायला गेलो तेव्हा एका पंपाच्या हेडवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा चिकटवून मुलगा रॉकेल सोडत होता, म्हणून तशीच ठेवून आलो. शाळेच्या साठा-नोंदवहीत ती फुटली असे लिहावे लागणार आहे.